परदेशातला निकाल, नाशिकची दरखास्त: आंतरराष्ट्रीय व्यापारी दाव्यांचा अभ्यास शेवटाकडून

प्रश्न थोडक्यात असा आहे: बी.ए. एलएल.बी.च्या चौथ्या वर्षाला इंटरनॅशनल कमर्शियल लिटिगेशन हा वैकल्पिक पेपर घेतला आहे. पुस्तकं सगळी इंग्लंडच्या कोर्टांवर लिहिलेली. निम्मं डोक्यावरून जातं, आणि जे कळतं त्याचा महाराष्ट्रातल्या वकिलीत काय उपयोग ते कळत नाही. अभ्यास करायचा कसा?

पुस्तक मागून वाचायला घ्या. गंमत म्हणून सांगत नाही. ही पुस्तकं साधारण एकाच क्रमाने जातात: दावा कुठल्या कोर्टात लावायचा, समन्सची बजावणी कशी करायची, कायदा कुठल्या देशाचा लागेल आणि अगदी शेवटी, मिळालेला निकाल दुसऱ्या देशात वसूल कसा करायचा. सेमिस्टर संपत आलं की हे शेवटचं प्रकरण दोन तासांत उरकलं जातं. वकिलाच्या टेबलावर मात्र पहिला प्रश्न तोच असतो: समोरच्याची मालमत्ता कुठे आहे, आणि तिथलं कोर्ट आपला कागद मानेल का? याचं उत्तर मिळालं की कोर्ट कुठलं, समन्स कसं आणि करारातलं कलम कसं लिहायचं हे मागोमाग ठरत जातं.

म्हणून पहिले दोन आठवडे दिवाणी प्रक्रिया संहितेची, म्हणजे सीपीसीची, फक्त तीन कलमं: १३, १४ आणि ४४अ. बेअर अ‍ॅक्ट उघडून, शब्द न् शब्द. कलम १३ सांगतं की परदेशी निकाल पक्षकारांमध्ये अंतिम मानायचा, सहा अपवाद सोडून: सक्षम कोर्टाने दिलेला नसणं, गुणदोषांवर, म्हणजे मूळ वाद तपासून, दिलेला नसणं, आंतरराष्ट्रीय कायद्याची चुकीची समजूत किंवा लागू असलेला भारतीय कायदा नाकारणं, नैसर्गिक न्यायाचा भंग, फसवणूक, आणि भारतातल्या कायद्याच्या उल्लंघनावर उभा असलेला दावा. कलम १४ प्रमाणित नकलेवरून सक्षमतेचं गृहीतक देतं. कलम ४४अ सांगतं की ज्या देशांशी परस्पर व्यवस्था अधिसूचित आहे, त्यांच्या वरिष्ठ कोर्टांचा हुकूमनामा (डिक्री) थेट आपल्या जिल्हा न्यायालयात अंमलबजावणीसाठी दाखल करता येतो, जणू तो त्याच कोर्टाने दिला होता.

हे कोरडं वाटत असेल तर अल्कॉन इलेक्ट्रॉनिक्स विरुद्ध सेलेम हा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१६चा निकाल काढा. फ्रेंच कंपनीने इंग्लंडच्या हायकोर्टात दावा लावला. भारतीय कंपनीने तिथे अधिकारक्षेत्रावर हरकत घेतली, ती फेटाळली गेली आणि हरकतीच्या खर्चापोटी १२,२२९.७५ पौंड भरायचा आदेश झाला. मूळ दाव्याचा निकाल नव्हे, नुसत्या एका अर्जाचा खर्च. त्या आदेशाची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, आली नाशिकच्या जिल्हा न्यायालयात. कंपनीचं म्हणणं, हा हुकूमनामाच नाही आणि गुणदोषांवर तर मुळीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. कलम ४४अच्या स्पष्टीकरणात कर, दंड आणि शास्तीच्या रकमा वगळल्या आहेत. खर्चाचा आदेश त्यांत बसत नाही, म्हणून दरखास्त चालेल.

या एका निकालात अर्धा अभ्यासक्रम आहे. हरकत कशी घेतात, ती हरली तर काय होतं, 'हुकूमनामा' कशाला म्हणायचं आणि दरखास्तीसोबत कोणते कागद लागतात. कागद दोन: हुकूमनाम्याची प्रमाणित नकल, आणि त्याच परदेशी कोर्टाचं प्रमाणपत्र की रकमेपैकी किती वसूल झाली आहे वा तडजोडीत वळती झाली आहे. दुसरा कागद उत्तरपत्रिकेत हमखास राहून जातो.

आता देशांची यादी. युनायटेड किंगडम, सिंगापूर, हाँगकाँग, मलेशिया, न्यूझीलंड, बांगलादेश ही नावं लक्षात ठेवा. संयुक्त अरब अमिरात १७ जानेवारी २०२०च्या अधिसूचनेने आली आणि त्यात दुबईच्या स्थानिक कोर्टांबरोबर डीआयएफसी या दुबईतल्या आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्राचं इंग्रजीत चालणारं कोर्टही आहे. दुबईत धंदा असलेल्या आणि फ्लॅट-जमीन पुण्या-मुंबईत ठेवलेल्या मंडळींसाठी ही अधिसूचना किती मोठी आहे हे वेगळं सांगायला नको. अमेरिका, जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स या यादीत नाहीत. तिथला निकाल हातात असेल तर इथे दरखास्त चालत नाही. त्या निकालाच्या आधारावर नवा दावा लावावा लागतो आणि त्याला मुदत कायद्याच्या अनुच्छेद १०१ खाली निकालाच्या तारखेपासून तीनच वर्षं मिळतात. "परदेशी निकाल कलम ४४अ खाली अमलात येतो" असं सरसकट लिहिणारा विद्यार्थी इथेच गुण घालवतो.

यादीतल्या देशांनाही मुदतीची मेख आहे. बँक ऑफ बडोदा विरुद्ध कोटक महिंद्रा बँक, मार्च २०२०. लंडनच्या कोर्टाचा हुकूमनामा फेब्रुवारी १९९५चा, भारतात दरखास्त ऑगस्ट २००९मध्ये. भारतीय हुकूमनाम्याला बारा वर्षं असतात. पण सर्वोच्च न्यायालय म्हणालं की ज्या देशाचा हुकूमनामा, त्या देशाची मुदत. इंग्लंडची सहा वर्षं, म्हणून दरखास्त मुदतबाह्य.

सहा अपवादांपैकी प्रत्यक्षात जड पडतात ते पहिले दोन, म्हणून वेळ तिथे घाला. 'सक्षम कोर्ट' म्हणजे त्या देशाच्या स्वतःच्या नियमांनी सक्षम एवढंच नव्हे. १८९४ सालच्या गुरदयाल सिंग विरुद्ध फरीदकोटचा राजा या प्रिव्ही कौन्सिलच्या (ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील कोर्टाच्या) निकालापासून हे पक्कं आहे. फरीदकोट संस्थानचा माजी खजिनदार संस्थान सोडून गेला, मग त्याच्यावर तिथे एकतर्फी निकाल झाला. संस्थानाबाहेर त्या निकालाला किंमत नाही असं ठरलं. म्हणजे प्रतिवादी तिथे राहत होता का, करारात ते कोर्ट त्याने मान्य केलं होतं का, किंवा हजर होऊन गुणदोषांवर लढला का, हे आपलं कोर्ट स्वतः तपासतं. आता इंग्लंडच्या पुस्तकातलं ते कंटाळवाणं 'गेटवे'चं प्रकरण वाचा. इंग्लंडबाहेरच्या प्रतिवादीवर समन्स काढायला तिथलं कोर्ट कोणकोणत्या कारणांनी परवानगी देतं, त्याची ती यादी आहे. करार इंग्लंडमध्ये झाला, इंग्लिश कायदा लागू आहे, वगैरे. त्यातल्या एखाद्या कारणावर नुसता उभा असलेला निकाल लंडनमध्ये पक्का असू शकतो आणि नाशिकमध्ये कलम १३(अ)वर पडू शकतो. हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे ज्याला कळलं, त्याला विषय कळला म्हणायला हरकत नाही.

दुसरा अपवाद, गुणदोष. इंटरनॅशनल वूलन मिल्स विरुद्ध स्टँडर्ड वूल, २००१. प्रतिवादी हजर नव्हता, एकतर्फी हुकूमनामा झाला, आणि कोर्टाने पुरावा पाहून विचार केल्याचं कागदावर कुठे दिसत नव्हतं. इथे अंमलबजावणी नाकारली गेली. एकतर्फी आहे म्हणून नव्हे, पुराव्याचा विचार दिसत नाही म्हणून. इंग्लंडमध्ये प्रतिवादीने ठरल्या दिवसांत काही दाखल केलं नाही, तर साध्या विनंतीवर न्यायाधीशासमोर न जाताही डिफॉल्ट जजमेंट मिळू शकतं. मालमत्ता भारतात असेल तर तिथले जाणते सॉलिसिटर हा सोपा रस्ता टाळतात. पुरावा दाखल करून, कारणांसह निकाल मागतात, कारण तो कागद पुढे भारतीय न्यायाधीशासमोर जाणार हे त्यांना ठाऊक असतं.

इथून एक पोटप्रश्न निघतो, तो तोंडी परीक्षेत हमखास येतो: परदेशी समन्स आलं तर भारतीय व्यापाऱ्याने काय करावं? "दुर्लक्ष करा, भारतात चालणार नाही" हा सल्ला अर्धवट आहे. करारात ते कोर्ट मान्य केलं असेल तर दुर्लक्ष महागात जातं. नुसती अधिकारक्षेत्राची हरकत घ्यायची तर इंग्लंडमध्ये आधी समन्स मिळाल्याची पोच द्यावी लागते आणि मग अर्जाला साधारण १४ दिवस, कमर्शियल कोर्टात २८. अर्ज न करता कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दिली तर कोर्ट मान्य केलं असं धरलं जातं. आणि हरकत हरली की खर्चाचा आदेश, जो कुठे पोचतो ते वर पाहिलंच.

आता एक काल्पनिक प्रकरण घ्या आणि सेमिस्टरभर तेच वापरा. नाशिकचा द्राक्ष निर्यातदार, रॉटरडॅमचा खरेदीदार. रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर, साधारण १३ टन माल, एफओबी न्हावा शेवा (म्हणजे तिथे जहाजावर चढवेपर्यंत माल विक्रेत्याच्या जोखमीवर), ठरलेला भाव. माल पोचल्यावर खरेदीदार म्हणतो पेट्यांत सड आहे, आणि ४० लाख रुपये अडवतो. करार म्हणजे ईमेल आणि प्रोफॉर्मा इनव्हॉइस (आगाऊ पाठवलेलं बिल), कोर्टाबद्दल एक अक्षर नाही.

शेवटाकडून चला. खरेदीदाराची मालमत्ता नेदरलँड्समध्ये. भारतीय हुकूमनामा तिथे थेट चालत नाही, कारण दोन देशांत तसा करार नाही. डच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३१ प्रमाणे तिथे नव्याने कोर्टात जावं लागतं. मात्र २०१४च्या गॅझप्रॉमबँक निकालापासून तिथलं कोर्ट चार गोष्टी पाहून परदेशी निकाल मान्य करू शकतं: अधिकारक्षेत्र आंतरराष्ट्रीय दृष्टीने मान्य होण्याजोगं होतं का, प्रक्रिया न्याय्य होती का, डच सार्वजनिक धोरणाला धक्का बसतो का, आणि दुसऱ्या निकालाशी विसंगत आहे का. म्हणजे नाशिकला दावा जिंकणं फुकट जात नाही, पण दावा चालवताना या चार गोष्टींवर नजर ठेवावी लागते. एकतर्फी, दोन ओळींचा हुकूमनामा घेऊन तिथे गेलात तर जड जाईल.

नाशिकला दावा लागतो का? सीपीसी कलम २०, दाव्याच्या कारणाचा काही भाग इथे. ईमेलवरचा स्वीकार जिथे पोचला ते ठिकाण (भगवानदास केडिया, १९६६, टेलिफोनवरच्या करारापासून निघालेलं तत्त्व) आणि पैसे जिथे यायचे होते ती बँक शाखा, यांवर युक्तिवाद उभा राहतो. दोन फसगती इथे आहेत. एक, न्हावा शेवा म्हणजे मुंबई नव्हे. बंदर रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात आहे, त्यामुळे माल तिथे चढला एवढ्यावर मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत, म्हणजे थेट दावे ऐकणाऱ्या शाखेत, जाता येत नाही. दोन, मूळ शाखेला कलम २० लागूच नाही. कलम १२० ते वगळतं, तिथे लेटर्स पेटंटचं, म्हणजे हायकोर्टाच्या स्थापनेच्या सनदेचं, क्लॉज १२ आहे, आणि कारणाचा फक्त काही भाग मुंबईत असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते. ती नसेल तर दावा मुळातच डळमळीत.

हा वाद कमर्शियल कोर्ट्स अ‍ॅक्ट, २०१५ खाली येतो. निर्यात-आयात त्या व्याख्येत स्पष्ट आहे आणि किमान मूल्य २०१८च्या दुरुस्तीनंतर ३ लाख रुपये आहे. तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर कलम १२अ प्रमाणे दाव्याआधी मध्यस्थी. पाटील ऑटोमेशन निकालाने (२०२२) ती सक्तीची ठरवली. समोरचा रॉटरडॅमला बसलेला आहे, तो येणार नाही, म्हणून ही पायरी सोडू नका. तो न आल्याचा, मध्यस्थी सुरूच न झाल्याचा नॉन-स्टार्टर रिपोर्ट हातात येतो आणि त्यात गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो.

समन्सची बजावणी हा भाग विद्यार्थ्यांना क्षुल्लक वाटतो, आणि प्रकरणं सगळ्यात जास्त रखडतात ती इथेच. भारत आणि नेदरलँड्स दोघंही १९६५च्या हेग सर्व्हिस कन्व्हेन्शनमध्ये आहेत. भारतात ते १ ऑगस्ट २००७पासून लागू आहे. विनंती ठरलेल्या नमुन्यात, कागद दोन प्रतींत, त्या देशाच्या मध्यवर्ती प्राधिकरणाकडे. उलट दिशेने पाहा: भारताने अनुच्छेद १०ला हरकत नोंदवली आहे, म्हणजे परदेशातून थेट टपालाने पाठवलेलं समन्स कन्व्हेन्शनप्रमाणे बजावणी ठरत नाही. ते केंद्रीय कायदा मंत्रालयामार्फत यावं लागतं. हेग परिषदेच्या संकेतस्थळावर प्रत्येक कन्व्हेन्शनचा स्टेटस टेबल असतो. त्यात देशाच्या नावापुढची तारीख सगळे पाहतात, पण खरा मजकूर शेजारच्या हरकती आणि घोषणांच्या दुव्यात असतो.

कायदा कुठला? भारतीय कोर्ट पक्षकारांची निवड मानतं. निवड नसेल तर कराराचा सर्वांत जवळचा संबंध कुठे आहे ते पाहतं (एनटीपीसी विरुद्ध सिंगर, १९९२). डच कोर्ट युरोपीय संघाच्या रोम १ नियमावलीचा अनुच्छेद ४ लावेल: मालविक्रीत विक्रेत्याचा देश. दोन्हीकडून बहुधा भारतीय कायदाच, म्हणजे १९३०चा माल विक्री कायदा. इथे हुशार विद्यार्थी घाईने सीआयएसजी, म्हणजे आंतरराष्ट्रीय मालविक्रीवरचा संयुक्त राष्ट्रांचा करार, आणतो. भारत त्या कराराचा सदस्य नाही आणि नियम भारतीय कायद्याकडे नेत आहेत, तेव्हा तो लागत नाही. पण करारात कोणी 'डच कायदा लागू' असं लिहून ठेवलं असेल तर चित्र फिरतं. नेदरलँड्स सदस्य आहे, त्यामुळे वगळलं नसेल तर डच कायद्याचा भाग म्हणून सीआयएसजी येतो, आणि दोषाची सूचना खरेदीदाराने वाजवी वेळेत दिली का हा प्रश्न उभा राहतो. द्राक्षासारख्या नाशवंत मालात 'वाजवी' म्हणजे अगदी थोडे दिवस, म्हणजे हे कलम चक्क निर्यातदाराच्या बाजूने काम करतं.

परदेशी कायदा लागला तरी आपल्या कोर्टात तो वस्तुस्थितीसारखा मांडून सिद्ध करावा लागतो. त्यासाठी साधारणपणे तज्ज्ञाचा पुरावा देतात. आणि रक्कम युरोत मागितली असेल तर रुपयांत रूपांतर कुठल्या तारखेच्या दराने, याचं उत्तर फोरासोल विरुद्ध ओएनजीसी (१९८४): साधारणपणे हुकूमनाम्याच्या तारखेचा.

याच प्रकरणात एक-एक गोष्ट बदलून पाहा. इनव्हॉइसमागे 'सर्व वाद रॉटरडॅमच्या कोर्टातच' असं छापलंय असं धरा. हाकम सिंग (१९७१) सांगतो की मुळात अधिकार नसलेल्या कोर्टाला पक्षकार अधिकार देऊ शकत नाहीत. पण तो नियम सीपीसीखालच्या कोर्टांचा. परदेशी किंवा तटस्थ कोर्ट निवडता येतं हे मोदी एंटरटेनमेंट विरुद्ध डब्ल्यूएसजी क्रिकेट (२००३) मध्ये आहे. तो दावाही मुंबई हायकोर्टातलाच, परदेशातला दावा थांबवण्याच्या मनाईहुकमाचा, आणि अँटी-सूट इंजंक्शनवरच्या भारतीय कायद्याची चौकट तिथे सलग मिळते. हे दोन निकाल एकमेकांविरुद्ध उभे करू नका.

इंग्लिश निकालांचं काय? सगळे वाचू नका. स्पिलियाडा (निकाल १९८६चा), अँजेलिक ग्रेस आणि अ‍ॅडम्स विरुद्ध केप हे तीन पूर्ण वाचा, बाकीचे पुस्तकातल्या सारांशावर सोडा. मात्र प्रत्येक पुस्तकाची आवृत्ती पाहा. ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२०ला संपला. त्याआधीच्या आवृत्तीत ओवुसू (दुसरं कोर्ट जास्त सोयीचं म्हणून दावा सोडायला बंदी) आणि वेस्ट टँकर्स (दुसऱ्या युरोपीय देशातला दावा मनाईहुकमाने थांबवायला बंदी) या युरोपीय निकालांवर पानंच्या पानं असतात. आज इंग्लंडमध्ये नव्या दाव्यांना ती बंधनं नाहीत, युरोपीय संघाच्या देशांत मात्र ब्रसेल्स व्यवस्था (अधिकारक्षेत्र आणि निकालांच्या अंमलबजावणीचे त्यांचे सामाईक नियम) चालू आहे. २००५चं हेग चॉइस ऑफ कोर्ट कन्व्हेन्शन ब्रिटनला लागू आहे, २०१९चं निकालांचं कन्व्हेन्शन तिथे १ जुलै २०२५पासून आलं. भारत दोन्हींत नाही. भारतीय निकाल इंग्लंडमध्ये नोंदवायचा तर अजून तिथला १९३३चा कायदा, मुदत सहा वर्षं.

वाचण्याची पद्धत एकच सांगतो. प्रत्येक निकालाला एक ए-फोर पान: पक्षकार कुठले, मालमत्ता कुठे, करारातलं कलम जसंच्या तसं उतरवून, कोर्टासमोर नेमका कुठला अर्ज होता, आणि शेवटी काय आदेश झाला. 'नेमका कुठला अर्ज' हा रकाना बहुतेकांचा कोरा राहतो. अधिकारक्षेत्रावरच्या अंतरिम अर्जात न्यायाधीश जे म्हणतात ते अंतिम निष्कर्ष म्हणून उतरवलं की पुढचं सगळं चुकतं. आठवड्याला तीन निकाल पुरेत.

इंटर्नशिप मुंबईत करणार असाल तर अ‍ॅडमिरल्टी, म्हणजे जहाजांचे दावे, पाहणाऱ्या चेंबरमध्ये निदान महिनाभर जा. एम.व्ही. एलिझाबेथ (१९९२) आणि २०१७चा अ‍ॅडमिरल्टी कायदा, जो १ एप्रिल २०१८पासून लागू आहे, आधी वाचून जा. परदेशी मालकाचं जहाज बंदरात असताना त्याची अटक घ्यायची, मालक सुरक्षा ठेव भरतो, जहाज सुटतं, आणि दावा त्या ठेवीवर चालतो. तिथे मालमत्ता आधी हातात येते आणि वाद नंतर चालतो. फाईल मागायची तर अटकेच्या अर्जासोबतचं शपथपत्र मागा, निकाल नव्हे. आणि जिल्ह्यात असाल तर कलम ४४अची एखादी दरखास्त शोधा आणि तिच्या कागदांच्या यादीत वसुलीचं ते परदेशी प्रमाणपत्र कितव्या क्रमांकावर आहे ते पाहा.